पाबळला जाऊन आले

आमच्या धाकट्याला परत आणायचे म्हणून मी पाबळला गेले होते. त्याचे कपडे भरायला एक रिकामी पिशवीही बरोबर घेतली होती.

नववीत तो गणितात नापास झाला आणि शाळेत जाईनासा झाला. मागच्या बाकावर काहीच कळत नाही म्हणायचा. आठवी पास मुलाला पाबळच्या विज्ञान आश्रमात वर्षाचा अभ्यासक्रम करता येतो, असे वस्तीतल्या एका मुलाने सांगितले. 'आश्रम' ऐकून ह्यांनी तेव्हाच नाक मुरडले. "भजनं करायला पाठवतेस काय?" तरी पाठवले. महिन्याभराने मुलाचा फोन आला, की या आठवड्यात गोठ्याची पाळी आहे. त्या रात्री हे जेवले नाहीत. माझे सासरे पाटलाचा गोठा काढून काढून विटले आणि १९७२ च्या दुष्काळात पुण्याला आले. मी सोसायट्यांचे जिने झाडते, ते पोरांच्या हाती झाडू येऊ नये म्हणून. "फी भरून शेण काढायचं? जा, घेऊन ये त्याला."

शिवाजीनगरहून राजगुरुनगर, तिथून पाबळची एस.टी. पाबळ शिरूर तालुक्यात, कमी पावसाच्या पट्ट्यात. मस्तानीची कबर याच गावात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली इथे हे केंद्र काढले. २००३ साली ते वारले.

भजन कुठेच ऐकू आले नाही. लोखंड कापायचा कर्कश आवाज मात्र लांबूनच येत होता. उलट्या टोपलीसारखी गोल घरे दिसली. आमचा मुलगा अशाच एका घराच्या सांगाड्यापाशी टेप घेऊन उभा होता. लोखंडी अँगलचे तुकडे ठरल्या मापाने कापायचे, त्रिकोणाला त्रिकोण जोडत न्यायचा. मधे खांब लागत नाही. "आई, माप थोडं चुकलं तरी नट बसत नाही. मग पुन्हा कापायचं, आणि वाया गेलेलं लोखंड आपल्याच हिशेबात." गणितात नापास झालेला पोरगा मला सिमेंट-वाळूचे प्रमाण सांगत होता. बोलताना खाली बघत नव्हता, हे माझ्या आधी लक्षात आले.

इथे लोखंड-सुतारकाम-बांधकाम, वीज, शेती-जनावरे आणि घर-आरोग्य असे चार विभाग. सगळे सगळ्यांनी करायचे. संगणकावर चित्र काढून यंत्राने वस्तू कापायची फॅब लॅबही आहे, २००२ पासूनची. ती दाखवताना त्याला किती सांगू नि किती नको असे झाले होते. मी मात्र गोठ्याकडेच बघत होते.

"तुलाच लावतात का रे शेणाला?" मी हळूच विचारले.

तो हसला. "मागच्या आठवड्यात एका पाटलाचा पोरगा होता. सगळ्यांची पाळी असते. नुसतं काढायचं नसतं, चारा किती, दूध किती, गोबरगॅसला शेण किती, सगळं वहीत मांडावं लागतं."

वही बघितली. अक्षर तसेच वेडेवाकडे, पण आकडे नीट मांडलेले. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या, हे मी विहारात ऐकले आहे. पण तंत्रशिक्षण म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर पांढरा कोट येई, शेणाची पाटी नव्हे. खरे सांगते बायांनो, ती पाटी अजूनही डोळ्यांत खुपते. पाटलाच्या पोराने शेण काढले तर ते शिक्षण. आमच्या पोराला मात्र गावाकडचे कोणी पाहिले तर काय म्हणेल, ते मला ठाऊक आहे.

आरोग्याच्या विभागात त्याने माझ्या बोटाला सुई टोचली आणि हिमोग्लोबिन तपासले. "कमी आहे आई. सकाळचा चहा पिऊन दिवसभर राबतेस. नाचणी, पालेभाजी खात जा." मला असे कोणी दवाखान्यातही समजावून सांगितले नव्हते.

पिशवीत त्याने शेतातली मेथी भरून दिली. घरी आल्यावर ह्यांनी पिशवी पाहिली आणि दाराकडे पाहिले. मी हिमोग्लोबिनची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. ती दोनदा वाचून त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मेथी निवडायला बसले.

दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे. त्याचे पैसे बाजूला टाकायला लागले आहे.