जमीन वाळेपर्यंत

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात गुस्ताव्ह कायबॉतचं १८७५ सालचं एक चित्र आहे. रिकाम्या खोलीत कमरेपर्यंत उघडे तीन कामगार गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासताहेत. आजूबाजूला लाकडाचे कुरळे छिलके, उजवीकडे दारूची बाटली आणि पेला. मागच्या खिडकीतून उजेड आत येतो तो थेट जमिनीवर. जुना वॉर्निश जिथं शिल्लक आहे तिथं तो लखलखतो, तासलेल्या पट्ट्यांवर मंदावतो. काम कुठवर आलंय ते तो उजेडच सांगतो.

त्या वर्षीच्या सलोंच्या, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाच्या, परीक्षकांनी हे चित्र नाकारलं. देवादिकांची उघडी शरीरं त्यांना चालत होती, मजुरांची चालली नाहीत. पुढच्या वर्षी, १८७६ मध्ये, इम्प्रेशनिस्टांच्या दुसऱ्या प्रदर्शनात ते लागलं. कायबॉत श्रीमंत घरचा होता. मित्रांची चित्रं विकत घेऊन त्यांना हात देणारा म्हणूनच तो बरीच वर्षं ओळखला गेला. मोने-पिसारोंनी उजेड नदीवर, शेतांवर शोधला. देगाने इस्त्री करणाऱ्या बायका रंगवल्या आणि कायबॉतने आपल्या पायाखालची जमीन पाहिली. मला ती नजर फार मोठी वाटते.

छापील पुस्तकात हे चित्र पाहिलं की मला वेल्ह्याकडचं माझ्या आत्याचं माजघर दिसतं. वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका. तोरण्याच्या अंगाला पाऊस असा लागतो की चार महिने भुईची ओल हटत नाही. पोपडे सुटतात, चुलीपुढे खळगे पडतात. पाऊस उघडला की दसऱ्याच्या आधी आत्या भुई नीट करायला घ्यायची. माती ओढून, पाणी मारून, चोपण्याने ठोकून एकसारखी करायची आणि मग सारवण. शेणाचा काला घमेल्यात कालवायचा, त्यातला खडान्‌खडा वेचून काढायचा, लुगड्याचा ओचा खोचायचा आणि उकिडवं बसून आतल्या भिंतीपासून सुरुवात. हात खांद्यातून फिरायचा, त्यामुळे फराटे कमानीसारखे उठायचे. एका कमानीला लागून दुसरी. ओली भुई काळपट हिरवी, चकचकीत. वाळत आली की फिकी. कुठं सारवून किती वेळ झाला ते रंगावरून कळायचं, अगदी कायबॉतच्या त्या पट्ट्यांसारखं.

आणि हे सारवण आठ-पंधरा दिवसांत पुन्हा. पायांनी, झाडूने, कोंबड्यांनी ते उडून जायचं. उलट, भोरच्या राजवाड्याचे लाकडी खांब आज सिनेमावाल्यांच्याही ओळखीचे आहेत. राजगड-तोरण्याची चित्रं तर घरोघर लागलेली. दगड आणि सागवान टिकतं, म्हणून ते पाहायला माणसं येतात. भोरकडेच वेळवंडी नदीवर १९२८च्या सुमारास भाटघरचं धरण पुरं झालं आणि खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कांबरेश्वराचं दगडी देऊळ वर येतं, लोक दर्शनाला जातात. पण त्या पाण्याखाली गेलेल्या घरांची माजघरं? किती बायकांच्या तळहातांनी घोटलेली ती भुई पहिल्याच पावसाळ्यात गाळ झाली असेल. तिच्यावरच बाळंतपणं झाली, तिच्यावरच माणसं शेवटची निजली. तिचं चित्र मी अजून कुठं पाहिलेलं नाही.

आता गावाकडे कोबा आलाय, पुढच्या पडवीत चकचकीत ‘स्टाईल’ बसली आहे. ती बसवताना माझा जीव अजिबात हळहळला नाही. आत्याचे गुडघे उतारवयात धरले होते, दोन्ही हातांच्या बोटांना भेगा होत्या, काल्याने त्या झोंबायच्या. एवढे कष्ट कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत. पण ते झालेत, आणि ते नजरेत भरण्याइतके सुंदर होते, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कायबॉतच्या कामगारांच्याही पाठी दुखत असणारच. त्याने त्या पाठींवर उजेड ठेवला, दया ठेवली नाही.

काही घरांत मागचं माजघर अजून मातीचं आहे. तिथं एखाद्या चित्रकाराने जावं असं मला मनापासून वाटतं. दारात उभं राहून भागणार नाही, तिथून फक्त पाठ दिसेल. सारवणारी बाई आतून दाराकडे मागे सरकत येते, तिचं तोंड असतं आतल्या भिंतीकडे. तेव्हा सारवण सुरू होण्याआधीच कणगीशेजारच्या कोपऱ्यात जाऊन बसावं. मग दाराचा उजेड तिच्या पाठीमागून येईल, मधली ओली भुई चमकेल आणि तिचा चेहरा, तिचा फिरता हात समोर येईल. एकदा बसलं की भुईवर पाय देता येणार नाही. ती वाळायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात चित्र होईल.