पासष्टावी कला आणि आमचा अंक

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

जाहिरात ही पासष्टावी कला आहे, असे म्हणतात. पूर्वजांनी चौसष्ट कला सांगितल्या आणि पुढच्या पिढ्यांनी ही एक पदरची घातली. पण त्या चौसष्ट कलांत आणि हिच्यात मोठा फरक आहे. गाणे ऐकायचे तर आपण गाण्याला जातो, चित्र पाहायचे तर चित्रापाशी थांबतो. जाहिरात मात्र कोणी बोलावलेले नसताना येते. भिंतीवर ती असते, एस.टी.च्या पाठीवर असते आणि मोबाईलवर भजन लावले तर अभंगाच्या मध्येच साबण विकू लागते. अशा वेळी कपाळाला आठी पडते. ‘ही पीडा नकोच’ असे वाटते.

पण नको म्हणून भागत नाही. भारतातले पहिले छापील वृत्तपत्र २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात निघाले. हिकीच्या त्या पत्राच्या नावातच ‘जनरल अॅडव्हर्टायझर’ हे शब्द होते! म्हणजे आपल्याकडे वृत्तपत्र आणि जाहिरात एकाच पाळण्यात वाढली. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे याने ‘सन’ नावाचे पत्र एका सेंटला विकायला काढले. इतर पत्रांची किंमत तेव्हा सहा सेंट असे. उरलेला खर्च जाहिरातदार देऊ लागले आणि ज्या कामगाराच्या खिशात एकच नाणे होते, त्याच्याही हातात वर्तमानपत्र आले. लंडनच्या ‘टाइम्स’चे तर पहिले पानच मे १९६६ पर्यंत छोट्या जाहिरातींनी भरलेले असे. तरी त्याचे वाचक रागावून गेले नाहीत. जाहिराती कुठे आहेत आणि बातम्या कुठे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आपल्याकडची गोष्ट आणखी गमतीची आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने आपल्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना कळावी म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे असे रूप पालटले की नांगराच्या कारखान्याचे हे पत्रक मराठी घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले. मालाची खबर द्यायला निघालेल्या अंकाने वाचकाला विचारांची गोडी लावली.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला गांधीजी आहेत. दक्षिण आफ्रिकेत १९०३ साली सुरू झालेल्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आरंभी जाहिराती असत. पुढे त्यांनी त्या बंद केल्या. कारण त्यांनीच लिहून ठेवले आहे. जाहिराती मिळवण्यात आणि त्यांचे पैसे वसूल करण्यात चांगली माणसे अडकून पडत, जाहिरातदाराची मनधरणी करावी लागे आणि न पटणारी जाहिरातसुद्धा भिडेखातर घ्यावी लागे. पत्र लोकांना हवे असेल तर लोकच ते चालवतील, असा त्यांचा हिशेब होता. ‘रीडर्स डायजेस्ट’ने मधला मार्ग काढला. अमेरिकेत तेहतीस वर्षे त्याने जाहिरात घेतली नव्हती. खर्च झेपेना तेव्हा त्याने आधी वाचकांनाच विचारले, ‘किंमत वाढवू की जाहिराती घेऊ?’ वाचकांनी जाहिरातींच्या बाजूने कौल दिला आणि १९५५ पासून त्या आल्या. तंबाखूच्या जाहिरातींना मात्र दार बंदच राहिले. मला या गोष्टीत ‘विचारले’ हा शब्द फार मोलाचा वाटतो.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, कलकत्ता आणि न्यूयॉर्क ठीक, पण तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाशी याचा काय संबंध? संबंध असा की यंदा विद्यार्थी संपादक मंडळात माझी निवड झाली आणि कविता निवडण्याचे काम इतरांकडे जाऊन जाहिराती गोळा करण्याचे काम माझ्या वाट्याला आले. तेव्हा मला प्रथम कळले की अंक शाईने निघतो त्याहून अधिक पैशाने निघतो. विद्यार्थ्यांकडून जमणाऱ्या शुल्कात कागद आणि छपाई भागत नाही. जाहिराती आल्या नाहीत तर सोळा पाने कमी करावी लागतील, असे सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितले. कमी व्हायची पाने कोणाची? अहवालाची नाहीत, छायाचित्रांची नाहीत. ती पाने पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांची.

त्या सोळा पानांना लागणारे दहा हजार रुपये एकाच माणसाकडून मिळत होते. भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकादमीला मलपृष्ठ हवे होते. ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ हे शब्द ठळक हवे होते आणि त्याखेरीज आत दोन पानांची ‘यशोगाथा’ हवी होती. तीही विद्यार्थ्याच्या लेखासारखी, वर ‘जाहिरात’ हा शब्द न घालता. मंडळातल्या काहींचे मत पडले, की घ्या. मलपृष्ठ कोण वाचतो? सोळा पाने वाचतील, सोळा जणांचे लेख छापून येतील.

यावर मी बैठकीत जे बोलले तेच इथे लिहिते.

आमच्या घरी महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. चौथीपर्यंत शिकले आहेत. मागच्या वर्षीचा अंक मी घरी नेला तेव्हा रात्री जेवण झाल्यावर ते दिव्याखाली बसले आणि मुखपृष्ठापासून मुद्रकाच्या नावापर्यंत एकेक अक्षर बोट ठेवून वाचू लागले. आठवडाभर ते वाचन चालले होते. प्राचार्यांचे मनोगत आणि चपलांच्या दुकानाची जाहिरात त्यांनी सारख्याच आदराने वाचली. एका औषधाच्या जाहिरातीवर बोट ठेवून ते म्हणाले, “हे आणूया का गं, आईच्या गुडघ्याला?” मी म्हटले, “आबा, ती जाहिरात आहे.” ते म्हणाले, “पर तुमच्या कालेजच्या पुस्तकात छापलंय न्हवं? छापलंय म्हंजी खरंच आसंल की.”

मलपृष्ठ कोण वाचतो, या प्रश्नाचे माझ्याजवळचे उत्तर हे आहे. आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरी वर्षातून एकच छापील पुस्तक येते, ते म्हणजे हा अंक. तो चाळला जात नाही, वाचला जातो. शहाणा वाचक जाहिरातीवर चिडतो आणि पान उलटतो. साधा वाचक चिडत नाही, तो विश्वास ठेवतो. चिडलेला वाचक आपले नुकसान होऊ देत नाही. विश्वास ठेवणाऱ्याचेच ते होते.

आणि ‘हमी’ या शब्दाची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे. माझ्या चुलतभावाने अशाच एका हमीवर विसंबून, दुसऱ्या गावच्या एका अकादमीत पैसे भरले. त्यासाठी चुलत्यांनी दुभती म्हैस विकली. भरती झाली, दादाचे नाव यादीत नव्हते आणि पैसे परत मिळाले नाहीत. म्हैस तर परत येणारच नव्हती.

कायदासुद्धा या बाबतीत गप्प नाही. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ सालीच झाला. शिकवण्यांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. निवडीची किंवा नोकरीची हमी देणारी खोटी जाहिरात त्यांनुसार करता येत नाही. ग्रंथालयातल्या संगणकावर ही माहिती मी काढली आणि सरांपुढे ठेवली.

बराच वाद झाला. शेवटी मंडळाने चार गोष्टी ठरवल्या. एक, जाहिराती अंकाच्या आरंभी आणि शेवटी, कथा-कवितांच्या मध्ये नाही. (मागे एका अंकात कथेचा शेवट जाहिरातींपलीकडे ‘पान ८७ वर पहा’ असा गेला होता आणि तो पुष्कळांनी वाचलाच नाही!) दोन, जाहिरातीच्या प्रत्येक पानावर ‘जाहिरात’ हा शब्द स्वच्छ छापायचा. तीन, लेखाचे सोंग घेतलेली जाहिरात नाही. चार, हमी आणि चमत्कार यांना जागा नाही. या अटींवर मलपृष्ठ घ्या, असे आम्ही त्या अकादमीला कळवले. त्यांनी अटी ऐकल्या, चहा पाजला आणि जाहिरात दिली नाही.

मग मी आणि माझी मैत्रीण बाजारपेठेत निघालो. सायकलवाले, खत-बियाणांचे दुकान, चष्मेवाले, खानावळ, झेरॉक्सवाले असे एकेक दार पाहिले. “ताई, मागल्या साली पैसे दिले, अंक काही मिळाला नाही,” असे एकाने ऐकवले. त्याला अंक पोहोचवण्याचे मी कबूल केले आहे. खानावळीच्या मावशी म्हणाल्या, “माझं नाव छापू नका, गिऱ्हाईक मला ओळखतंय. पोरांचं छापा.” मनधरणीचे ते काम गांधीजींना का नको वाटले असेल, हे पाय दुखू लागल्यावर कळते. तरी मला एक वाटते. ज्यांच्याकडून आपण वर्षभर वही, चष्मा आणि जेवण घेतो, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. अंक त्यांचाही आहे.

पंधरा जणांनी पाचशे-पाचशे रुपये दिले. साडेसात हजार झाले. दहा हजारांऐवजी साडेसात हजार, म्हणजे सोळांऐवजी बारा पाने. त्यांतली दोन शुभेच्छुकांची, म्हणून लेखनाला उरली दहा. सहा पाने गेली. त्यांत सात कविता आणि एक प्रवासवर्णन गेले. लिहिणाऱ्यांपैकी एक मुलगी माझ्याच गावची आहे, माझ्यासारखीच घरातली पहिली. तत्त्व आम्ही पाळले आणि किंमत तिने मोजली, हे मला लपवायचे नाही. त्या सात कविता आणि ते प्रवासवर्णन जूनमध्ये भित्तिपत्रकात लागणार आहे. पण भित्तिपत्रक घरी नेता येत नाही आणि तिचे आईवडील ते वाचायला इतक्या लांब येणार नाहीत.

म्हणून पुढच्या वर्षी काय करावे, हे मंडळाने एकट्याने ठरवू नये, असे मला वाटते. शुल्क दहा-वीस रुपयांनी वाढवावे, की जाहिराती वाढवाव्यात, की पाने कमी करावीत? हा प्रश्न अंक वाचणाऱ्यांनाच विचारावा. ग्रंथालयाच्या दाराशी मंडळाची सूचनापेटी आहे, तिच्यात चिठ्ठी टाका. घरी कोणी लिहिणारे नसेल तर त्यांना विचारून तुम्ही लिहा. आमच्या आबांचे मत मी विचारले आहे. ते म्हणाले, “वीस रुपये वाढवा, पर खोटं छापू नका.” त्यांची चिठ्ठी मी पेटीत टाकली आहे.