पनवेल स्टँड आणि अण्णांची ब्रीफकेस

पनवेलच्या एस. टी. स्टँडवर तासभर ताटकळत उभे राहण्याचा योग ज्याला आला नाही, असा कोकणी माणूस विरळा! आता लोकल आहे, कोकण रेल्वेच्या गाड्या आहेत, द्रुतगती मार्ग आहे; ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचेही उद्घाटन झाले. तरी स्टँडवरची गर्दी काही हटत नाही. गेल्या श्रावणात एका सकाळी अस्मादिक त्या गर्दीत पेणहून येणाऱ्या गाडीची वाट पाहत उभे होते, आणि हातात होती वडिलांची ब्रीफकेस.

"सर, शूटिंग आहे का कुठे?" मागून कुणीतरी विचारले. एक जुना विद्यार्थी होता. पाठीवर सॅक, कानात बोंडे.

मी हसून वेळ मारून नेली, पण मनाला तो प्रश्न लागलाच. मग उगाचच येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांकडे पाहू लागलो. अर्ध्या तासात सॅक दिसल्या त्या मोजण्यापलीकडच्या. कापडी पिशव्या दिसल्या, माशांच्या टोपल्या दिसल्या. ब्रीफकेस एकही नाही! पुरुषाने कामावर जाताना ब्रीफकेस न्यावी हे आता शोभत नाही की काय?

माझ्या लहानपणी ती नसती तर शोभले नसते. अण्णा मुंबईत एका कचेरीत कारकून होते. आमचे बिऱ्हाड नवीन पनवेलला आले तेव्हा इथून मुंबईला थेट लोकल नव्हती. वाशीपर्यंत ती आली १९९२ साली, आणि पनवेलला पोचली १९९८ मध्ये. तोवर एस. टी. आणि दिव्याकडची गाडी, एवढाच आधार. लोकल सुरू झाली आणि अण्णांची चैन झाली. पनवेल सुरुवातीचे स्टेशन, म्हणून बसायला जागा! समोरासमोर चार माणसे बसली की अण्णांची ब्रीफकेस चौघांच्या गुडघ्यांवर आडवी पडायची आणि तिच्यावर पत्त्यांचा डाव रंगायचा. मुंबई येईपर्यंत सव्वा तास. ब्रीफकेसच्या झाकणावर मधोमध जे गुळगुळीत झाले आहे ते कारकुनीने नव्हे, रमीने!

आत काय असायचे? डबा, छत्री, चष्म्याचे घर, पासबुक आणि कालचे वर्तमानपत्र. साहेबाची ब्रीफकेस आणि कारकुनाची ब्रीफकेस बाहेरून सारखीच दिसते, हा तिचा मोठा गुण. डब्याला कुलूप लावणारी दुसरी कुठली वस्तू मला तरी ठाऊक नाही.

मी प्राध्यापक झालो तेव्हा पहिल्या दिवशी अण्णांनी ती माझ्या हाती दिली. महिनाभर नेली. गर्दीत ती उभ्या असलेल्यांच्या नडग्यांवर आदळे आणि मी दिवसाला चाळीस वेळा 'माफ करा' म्हणे. सॅक निदान छातीशी धरता येते. शेवटी मीही सॅक घेतली. अण्णा काहीच बोलले नाहीत. ब्रीफकेस कपाटावर गेली आणि आमच्या घराचे दप्तर बनली. रेशनकार्ड, विम्याचे कागद, आजोबांचा मृत्यूचा दाखला असे सारे तिच्यात.

मुळात ही वस्तू वकिलांच्या 'ब्रीफ'साठी, म्हणजे खटल्याच्या कागदांसाठी, जन्मली. 'बजेट' या शब्दाच्या मुळाशीही चामड्याची पिशवीच आहे. १९४७ साली षण्मुखम चेट्टी चामडी बॅग घेऊन पहिला अर्थसंकल्प मांडायला गेले, आणि २०१९ मध्ये निर्मला सीतारामन यांनी ती बॅग टाकून लाल कापडातले बाड नेले. मधल्या मालिकेत आमच्या जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुखही होते, याचा आम्हां रायगडकरांना थोडा अभिमान आहे! तात्पर्य काय, ही बॅग कागदासाठी आहे. कागद तिच्यात आडवा निजतो. सॅकमध्ये तो उभा राहतो आणि कमरेत वाकतो. पण कागदच आता कमी झाला. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासाव्या लागतात. सातबारा २०१८ पासून डिजिटल सहीसकट घरबसल्या मिळतो.

तरीही पनवेल तालुक्याला कागदाचे वेड आहे, आणि ते उगाच नाही. १९७० मध्ये सिडको आली आणि भातखाचरांचे भूखंड झाले. १९८४ च्या जानेवारीत शेजारच्या उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ज्याच्यापाशी कागद होता, त्याचा हक्क शाबूत राहिला. तहसील कचेरीच्या वाटेवर दस्त लिहिणारे बसतात. त्या दिवशी दुसरी ब्रीफकेस मला दिसली ती तिथेच, एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या मांडीवर. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बिरादरीच्या नजरेने पाहिले.

आमचाही कागदच होता. कर्नाळ्याच्या बाजूला आजोबांची चौदा गुंठे जमीन, अजून विकलेली नाही. विमानतळाच्या बातम्यांनी तिला भाव चढला आणि अण्णांना भावकीची आठवण झाली. आत्याचे हक्कसोडपत्र तयार करून घेतले होते. दुय्यम निबंधकांपुढे तिने सही केली की जमीन एकट्या अण्णांची. तिला न्यायला मी आलो होतो. मनात बरे वाटत नव्हते, पण ऐंशीच्या बापाला नाही म्हणणे मला अजून जमत नाही.

आत्या उतरली. म्हणाली, "थोडं बसू या रे." वडाळे तलावाच्या काठी बसलो. ब्रीफकेस पाहून ती हसली. "अजून आहे होय ही? उघड बघू." कुलुपाचा आकडा ऐनवेळी मला आठवेना. तिनेच सांगितला: "सात-एक-दोन. सातबारा! अण्णा भाऊबीजेला यायचा तेव्हा मीच उघडायची." आणि सांगू लागली. दरवर्षी संध्याकाळच्या एस. टी.ने अण्णा यायचे, ओटीवर बॅग आडवी ठेवायचे, आणि आतून घडी न मोडलेली साडी निघायची. पगार थोडा, पण एक वर्ष चुकले नाही.

खटकन् कड्या उघडल्या. आत एकच कागद होता.

आत्याने चष्मा लावून तो सगळा वाचला. बराच वेळ लागला. मग पुन्हा आत ठेवून तिनेच झाकण लावले. "सही करीन मी," ती म्हणाली. "पण अण्णाला म्हणावं, भाऊबीजेला माझ्याकडे ये आणि ही बॅग तू स्वतः घेऊन ये. मग मिळून जाऊ कचेरीत."

तिला परतीच्या गाडीत बसवून दिले. घरी अण्णा दारातच होते.

"झालं?"

मी घडले ते सांगितले. ते काही बोलले नाहीत. ब्रीफकेस घेतली, कागद काढून टेबलाच्या खणात ठेवला आणि रिकामी बॅग फडक्याने पुसत बसले. दोन दिवसांनी चहा पिता पिता म्हणाले, "काय रे, गावात साड्यांचं बरं दुकान हल्ली कुठलं?"

"दिवाळीला अवकाश आहे, अण्णा. पण चला, रविवारी जाऊ."

"मग रविवारी ती बॅग घे," ते म्हणाले, "पिशवीत घडी मोडते."