मंद आचेवरचं दुखणं

मैत्रिणींनो, तुमची स्कूटर कधी भर चौकात बंद पडली आहे? माझी पडली. पाठीमागे एस.टी. भोंगा वाजवतेय, पायाशी दप्तर, मागे बसलेले चिरंजीव रडकुंडीला. हात थरथरले अगदी!

“वेगात तर झकास पळते,” हे म्हणाले. पळते हो; पण भाजीबाजारात हळू केली की आचके देते, त्याचं काय? मेकॅनिकने माझं पुरतं न ऐकताच यांना सांगितलं, “इंजेक्टर बदला.” खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी परत आणली.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले नि बहुतेक नव्या गाड्यांतला कार्बोरेटर गेला. पूर्वीसारखा स्क्रू पिळून भागत नाही. पण आपली शेगडी आठवा. बर्नरची भोकं बुजली तरी मोठी आच चालते. मंद केली की विझते. इथेही तसंच. इंजिनाला हवा सोडणारी झडप थ्रॉटल बॉडीत असते. वेगात ती सताड उघडी, हळू चालवताना नुसती फट. त्या फटीत काजळी साचली की इंजिनाचा श्वास कोंडतो. इंजिनाचा दिवा दर वेळी लागतोच असं नाही. माझा लागला नव्हता.

दुसऱ्या मेकॅनिकला म्हटलं, “दादा, आधी एअर फिल्टर नि प्लग बघा, थ्रॉटल बॉडी पुसा, इंजेक्टरचं मग बोलू.” फडकं काळंकुट्ट निघालं! (घरी तारेने खरवडायला जाऊ नका हं.) आता गाडी मुंगीच्या पावलांनीही बिनतक्रार चालते.

हे म्हणतात, “मला कसं जाणवलं नाही?” कसं जाणवणार? शाळा सुटताना फाटकाशी कधी नेलीत गाडी?