दार उघडायचं नाव घेईना

इंग्रजीतला ‘स्ट्रगल’ मुंबईकरांना समजावून सांगायला नको. तिकडे तो करणाऱ्याला ‘स्ट्रगलर’ म्हणतात आणि तो अंधेरीत चौघांबरोबर खोली घेऊन राहतो. मी राहते फिनलंडमध्ये, ताम्पेरेला. इंग्रजी मालिकांच्या तळाशी फिनिश ओळी लिहिणं हे माझं काम. या कामात शेक्सपिअरच्या अवतरणांनी मला कधी छळलं नाही. पावो कायान्देरने 1879 मध्ये ‘हॅम्लेट’ फिनिशमध्ये आणलं, पुढे बाकीची नाटकंही आणली, तिथून उचलायचं. छळलं ते धडपडीच्या, कष्टाच्या, दमछाकीच्या साध्या शब्दांनी, आणि त्यांत सगळ्यात जास्त या ‘स्ट्रगल’ने.

एका गुन्हेमालिकेत साक्षीदार बाई पोलिसांना सांगते की तो दार उघडायला ‘स्ट्रगल’ करत होता. दार उघडलं का? इंग्रजी गप्प. पुढचे भाग त्या गप्प बसण्यावरच उभे असतात. फिनिशला असं गप्प बसता येत नाही. ‘आवासि ओवेन’ म्हटलं की दार उघडलं, माणूस बाहेर पडला. ‘आवासि ओवेआ’ म्हटलं की हात अजून कडीवरच. क्रियापद तेच, काम तडीला गेलं की नाही याची चुगली कर्माची विभक्ती करते. फिनिशला पंधरा विभक्त्या आहेत हे ऐकून लोक डोळे विस्फारतात. मला त्यातल्या या दोनच पुरून उरल्या आहेत.

मग सरळ ‘प्रयत्न केला’ म्हणावं, ‘युरित्ति’. पण त्या शब्दाला अपयशाचा वास येतो, घामाचा येत नाही. शिवाय या धातूची इथे वेगळीच गंमत आहे. ‘युरितुस’ म्हणजे प्रयत्न आणि ‘युरितुस’ म्हणजेच कंपनी. ‘युरित्तॅयॅ’ म्हणजे उद्योजक, मुळात प्रयत्न करणारा. माझ्यासारखे सुटे अनुवादक करखात्याच्या लेखी उद्योजकच. महिन्याअखेरीला खात्यात काय पडलं ते पाहिलं की मूळ अर्थच जास्त खरा वाटतो.

कष्टाच्या शब्दांचा फिनिशमध्ये दुष्काळ नाही. राताआ, पूर्ताआ, आहेर्ताआ, ऊरास्ताआ, सगळे राबण्याचेच, आणि प्रत्येकाचा घाम वेगळा. ‘राताआ’ कंबर मोडणारा, जंगल तोडून शेत काढणाऱ्यांचा. ‘आहेर्ताआ’मध्ये माणूस मान खाली घालून काहीतरी निगुतीने करत बसलेला असतो. ‘पोन्निस्ताआ’ तर थेट शरीरातून येतो. प्रसूतिगृहात सुईण बाळंतिणीला ‘पोन्निस्ता!’ म्हणते, कळ दे म्हणून. आणि स्की घेऊन उतारावरून झेपावणारा खेळाडू टोकावर जो रेटा देतो तोही ‘पोन्निस्तुस’च. आणि ‘वाइवा’! वाइवा म्हणजे त्रास, दुखणं, तसदी. कणीक मळण्याचं क्रियापदही त्याच घरातलं. ओस्त्रोबोथ्नियातल्या जुन्या चर्चच्या दाराशी लाकडी भिकाऱ्याचा पुतळा असतो, गरिबांसाठी त्याच्यात नाणी टाकायची. त्याचं नाव ‘वाइवाइसउक्को’. ‘जेमतेम’ म्हणायला फिनिशमध्ये जो ‘तुस्किन’ आहे, तो ‘तुस्का’पासून, म्हणजे वेदनेपासून आला. जेमतेम पोचलो म्हणतानाही ही भाषा कुठेतरी विव्हळते.

तर शब्द ढीगभर आहेत. पण यातला एकही ‘स्ट्रगल’च्या जागी बसत नाही. एक तर फार घाम, नाही तर फार वेदना.

इथे कुणीतरी हात वर करून ‘सिसू’ म्हणणार हे मला ठाऊक आहे. पुण्याला गेले की हमखास विचारतात. फिनिश जिद्द, हार न मानणं वगैरे. 1939-40 च्या हिवाळी युद्धात परदेशी वार्ताहरांनी हा शब्द जगभर पोचवला, आता विमानतळावर त्याची पुस्तकं मिळतात. सिसू नावाचे ट्रक आहेत, सिसू नावाच्या काळ्या, कडवट गोळ्या आहेत. माझ्या कामाला त्याचा उपयोग शून्य. रात्री नळ दुरुस्त करत बसलेला माणूस स्वतःविषयी ‘सिसू’ म्हणत नाही. मुळात तो ‘आत’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला, आणि ‘पाहान्सिसुइनेन’ म्हणजे खाष्ट, वाईट मनाचा माणूस, हे त्या पुस्तकांत कुणी छापत नाही.

ज्यावर खरोखर पुस्तक लिहावं असे शब्द दोन आहेत आणि ते रोज कानावर पडतात: ‘एन याक्सा’ आणि ‘एन वीत्सि’. इंग्रजीतून येताना या दोघांनी लोकांना रडवलंय. मला मात्र आईने वाचवलं. ‘एन याक्सा’ म्हणजे मला झेपत नाही. पोरगं पानात भात टाकून उठतं तेव्हाही ‘एन याक्सा’, आजोबांना जिना चढवत नाही तेव्हाही ‘एन याक्सा’. आजाऱ्याला भेटायला गेलं की ‘मितेन याक्सात?’, म्हणजे कसं काय, झेपतंय ना? आणि ‘एन वीत्सि’ म्हणजे जीवावर आलंय. ताकद आहे, पण उठून करणं जीवावर आलंय. इंग्रजीला यासाठी अर्धं वाक्य खर्चावं लागतं. आईला हे फरक फिनिशमध्ये कधी शिकवावे लागले नाहीत, व्याकरण तिला आजही येत नाही, पण या दोन शब्दांत तिची गफलत झालेली मी ऐकलेली नाही. एवढंच की मराठीत काम मला झेपत नाही, कर्ता ते काम; फिनिशमध्ये मी कमी पडते, कर्ती मीच. भाषा माणसाला कुठे उभं करते ते असं दिसतं.

आता माझ्या तोऱ्याविषयी. शाळकरी वयात आम्ही सांगलीहून इथे आलो. वर्गातल्या मुलांनी फिनिश आईच्या दुधाबरोबर घेतलं होतं, मी ते पुस्तकातून घेतलं आणि त्यांच्यापेक्षा शुद्ध घेतलं. शिक्षिका माझा निबंध वर्गात वाचून दाखवायच्या. ते कौतुक माझ्या अंगात मुरलं आहे. बोलीतला शब्द पडद्यावर आला की मला कपड्यावर डाग पडल्यासारखं होतं. ‘स्ट्रगल’साठी माझा ठेवणीतला तोडगा होता ‘सूरिन वाइवोइन’. मराठीत सांगायचं तर ‘महत्प्रयासाने’. घरात कडी अडकलेला कुठला माणूस ‘मी महत्प्रयासाने दार उघडत होतो’ म्हणतो? पण ती ओळ पडद्यावर काय भरदार दिसायची! मी ती वर्षानुवर्षं वापरली आणि दर वेळी स्वतःवर खूश झाले.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी शिकायला आली. ओउलूची, विशीतली, इथल्या सगळ्यांसारखी पहिल्या दिवसापासून मला ‘सिनॅ’, म्हणजे ‘तू’ म्हणणारी. साक्षीदार बाईची ओळ तिच्या वाट्याला गेली. तिने लिहिलं: ‘ओवि एइ मेइनान्नुत आउएता.’ मी लाल केलं. ‘मेइनाता’ बोलीतला शब्द, स्वीडिश ‘मेना’वरून आलेला, शुद्धाचा आग्रह धरणारे त्याला अजून दारात उभं करत नाहीत. तिने वाद घातला नाही. फक्त म्हणाली, माझी आजी असंच म्हणते.

मराठीत ती ओळ अशी: दार उघडायचं नाव घेईना.

हे लक्षात आल्यावर मी त्या संध्याकाळी दुसरं काही केलं नाही. वाक्यात माणूसच नाही, अडून बसलंय ते दार. आणि वाक्य नकारार्थी आहे. माणूस आत घ्यायचा म्हटला, ‘एइ मेइनान्नुत सादा ओवेआ आउकि’, त्याला दार उघडता उघडेना, तरी नकारात कर्माला एकच विभक्ती शिल्लक राहते, अपुऱ्या कामाची. म्हणजे जी चुगलखोर विभक्ती मला इतकी वर्षं नडत होती, तिचं तोंड नकाराने आपोआप बंद होतं. दार शेवटी उघडलं का? सहसा उघडलं असेल असंच ऐकणाऱ्याला वाटतं, पण भाषा शपथेवर सांगत नाही. इंग्रजी जिथे गप्प, तिथे फिनिशही गप्प. ज्या घरात ‘झाकण निघता निघेना’ म्हणतात त्या घरात मी वाढले आणि हे मला दिसलं नाही, कारण दोन्ही भाषांत मला स्वयंपाकघरात बसायचं नव्हतं, ओसरीवर बसायचं होतं.

त्याहून अवघड ओळ पुढच्या आठवड्यात आली. नवरा अंधारात बायकोला दोनच शब्द बोलतो: मी ‘स्ट्रगल’ करतोय. कशाशी, ते नाही. हल्लीच्या इंग्रजी मालिकांत असा कबुलीजबाब भागाला एकदा तरी असतोच. ‘मिनुल्ला ओन वाइकेआ’ म्हणजे माझं अवघड चाललंय. डॉक्टरला सांगतो तसं वाटतं. ‘एन याक्सा’ म्हटलं तर त्याने हात टेकले, पुढचा भाग कशाला बघायचा? मुलीने ‘एन याक्सा’ला तिचा तो ‘मेइनाता’ जोडला: ‘एन मेइना याक्साआ’. झेपता झेपत नाहीये. मोकळ्या जागा धरून सोळा अक्षरं. आमच्या हिशेबात प्रेक्षक सेकंदाला बारा-चौदा अक्षरं वाचतो. नट श्वास सोडेपर्यंत वाचून होतं. या वेळी मी लाल पेनाला हात लावला नाही.

ती मुलगी या धंद्यात राहिली नाही. तिला मी दोष देत नाही. मिनिटाचा दर खाली आला आहे आणि कामं आता यंत्राने केलेल्या कच्च्या अनुवादासकट येतात; आम्ही ते ‘फक्त तपासायचे’. यंत्र जिथे ‘स्ट्रगल’ दिसेल तिथे ‘काम्पाइल्ला’ टाकतं. काम्पाइल्ला म्हणजे झुंजणं. ज्युडो-कुस्तीला इथे ‘काम्पाइलुलायित’ म्हणतात. त्यामुळे आमच्या पडद्यावर हल्ली माणसं झाकणाशी झुंजतात, गणिताशी झुंजतात, एकटेपणाशी झुंजतात. काही सहकारी म्हणतात, चालतं, समजतं की. समजतं, खरं आहे. पण या देशात लहान मुलांचे कार्यक्रम सोडले तर परदेशी काही डब करत नाहीत. पोरं आमच्या ओळी वाचत मोठी होतात, आणि परवा ट्राममध्ये एक पोरगा मित्राला सांगत होता की तो गृहपाठाशी ‘काम्पाइलेन’. त्याच्या आजीने हे ऐकलं असतं तर विचारलं असतं, कुणी मारलं तुला?

भागाच्या शेवटी पडद्यावर ‘सुओमेन्नोस’ अशी अक्षरं येतात आणि पुढे अनुवादकाचं नाव. आई त्या नावासाठी भाग संपेपर्यंत जागी राहते. खरं तर मीही राहते. त्या नवऱ्याची ओळ प्रक्षेपणात बदललेली निघाली. ‘एन मेइना याक्साआ’ काढून कुणीतरी ‘काम्पाइलेन’ केलं होतं, आणि खाली नाव माझं. मी काम देणाऱ्या कंपनीला लिहिलं आहे की ओळ माझी ठेवा, नाही तर नाव काढा. अजून उत्तर आलेलं नाही.