पखालीची बाजू

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण ज्यानं कुणी पहिल्यांदा काढली, त्याला मला एकच गोष्ट विचारायची आहे. रोग रेड्यालाच आहे, हे त्याला कळलं कसं?

म्हण इतकी ठाम बोलते, की रेड्यानंच येऊन सांगितलं असावं. प्रत्यक्षात काय दिसलं असेल? घरोघरी नळ यायच्या आधीचे दिवस. चामड्याची पखाल रेड्याच्या पाठीवर आडवी टाकलेली, दोन्ही अंगांना पाण्याचं ओझं, आणि रेडा वाटेतच थबकलाय. पखालवाला वाकून पखालीची शिवण चाचपतोय. बघणारे हसताहेत. पण पखाल एका अंगानं गळत असेल तर ओझं कलणार, जनावर तिरकं चालणार, ओलं चामडं घासून पाठ सोलवटणार. अशा वेळी शिवण घालणं हाच खरा उपचार. म्हणजे हसणारे चुकले. पण खुरात काटा रुतला असेल तर हसणारेच बरोबर. रस्त्याच्या कडेला उभं राहून यातलं काहीच ठरत नाही, आणि म्हण तर कडेलाच उभी आहे.

शिवाय रेडा लाथ मारतो. पखाल मारत नाही. पखाल उतरवता येते, उलटी करता येते, मांडीवर घेऊन शिवता येते. माणूस औषध लावतो ते बऱ्याचदा हात पोचेल तिथे. याला मूर्खपणा म्हणायचं की नाइलाज, हे मला अलीकडे नीटसं सांगता येत नाही.

फोन चार्ज होईनासा झाला की घरात काय होतं ते आठवा. आधी केबल बदलतात, मग चार्जर, मग प्लगपॉइंट. ब्राइटनेस कमी होतो. एखादं ॲप उगाचच डिलीट होतं. कुणीतरी सिम काढून शर्टाला पुसून परत घालतं; सिमचा आणि चार्जिंगचा काडीचा संबंध नसतो, पण सिम बाहेर काढता येतं हा त्याचा गुण. आणि शेवटी एखादा फोन बंद करून, चार्जिंगच्या भोकात लाकडी टूथपिक हलकेच फिरवतो, तेव्हा आतून खिशातला दबून बसलेला करडा कापूस निघतो. नमद्यासारखा घट्ट. तो निघाल्यावर केबल ‘टक्’ करून पूर्ण आत बसते. इतके दिवस ती अर्धीच बसत होती, हे तेव्हा कळतं.

पूर्वी हात आतपर्यंत पोचायचा. फोनचं मागचं झाकण नखानं उघडायचं, बॅटरी काढायची, पुसायची, परत घालायची. फोन खरोखर मेला आणि खरोखर जिवंत झाला, हे डोळ्यांदेखत व्हायचं. आता बॅटरी आत डिंकानं चिकटवलेली. ॲपलनं २००९पासून पाच पाकळ्यांचे स्क्रू वापरायला सुरुवात केली, म्हणजे घरातला कुठलाही पेचकस त्यात बसायला नको. युरोपीय संघानं कायदा केला आहे, १८ फेब्रुवारी २०२७पासून तिथं विकल्या जाणाऱ्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता-घालता आली पाहिजे, काही अपवाद सोडून. तोवर रेडा काचेच्या आड आहे. पखालच काय ती हातात.

‘बंद करून चालू कर’ हा रामबाण उपायसुद्धा आता तितका सरळ राहिलेला नाही. २०१२च्या विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर यंत्र आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच वाचून उठतं. ‘रिस्टार्ट’ म्हटलं तरच सगळं पुसून नव्यानं मांडतं. म्हणजे रात्रभर बंद ठेवलेल्या कॉम्प्युटरपेक्षा अर्ध्या मिनिटात रिस्टार्ट झालेला कॉम्प्युटर जास्त बंद झालेला असतो. हे कुणाला समजावून सांगायला गेलं, की समोरचा आपल्याकडे काळजीनं बघतो.

आत्याच्या कॉम्प्युटरवर बँकेची साइट उघडेना. मग वर्तमानपत्राचीही उघडेना. “अरे, नेट आहे. मोबाइलवर सगळं येतंय की,” ती म्हणाली. राउटर बंद-चालू झाला. ब्राउझर काढून परत टाकला गेला. शेजारच्या मुलानं उभ्या उभ्या निदान केलं, “काकू, व्हायरस आहे. फॉरमॅट मारावा लागणार.” आणि या सगळ्या वेळात पडद्यावर स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं, की तुमचं घड्याळ मागे आहे.

ते सगळ्यांनी वाचलं होतं. कुणी खरं मानलं नव्हतं. मानावं तरी का? ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ असली वाक्यं वर्षानुवर्षं वाचलेल्या माणसाला यंत्र कधी मुद्द्याचंही बोलेल, असं वाटत नाही. आणि इंटरनेट चालत नाही म्हणून घड्याळ लाव, हा सल्ला तरी पखालीला औषध लावण्यापेक्षा कुठं शहाणा वाटतो? पण खाली उजव्या कोपऱ्यात साल होतं २००९. सुरक्षित साइट उघडताना आपलं ओळखपत्र दाखवते. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या तारखा असतात. आत्याचा कॉम्प्युटर २००९मध्ये बसून ते ओळखपत्र बघत होता आणि म्हणत होता, हे तर अजून द्यायचंच आहे. त्याच्या जागी तो चोख होता.

मदरबोर्डवर एक बटन सेल असतो, सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, तीन व्होल्ट. कॉम्प्युटरची वीज तोडली तरी आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं. तो घड्याळजींकडे मिळाला. त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही, आणि नंतर कळलं की ते बरोबरच होतं. कॉम्प्युटरच्या त्या घड्याळात जो क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो, तोच साध्या मनगटी घड्याळातही असतो. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, तोच सेकंद. एवढ्या अवाढव्य हिशेबाच्या यंत्राच्या पोटात मुळात एक मनगटी घड्याळ टिकटिकतंय, हे समजल्यापासून मी मूळ प्रश्नापासून भरकटलो आहे.

कारण मग काळाचंच कुतूहल लागतं. युनिक्सच्या घराण्यातली यंत्रं, त्यात आपले अँड्रॉइड फोनही आले, १ जानेवारी १९७०पासून सेकंद मोजतात. पण ती मध्यरात्र ग्रिनिचची. त्यामुळे फोनचा काळ पार पुसला गेला, तर आपल्याकडे विश्वाची सुरुवात पहाटे साडेपाचला होते. फेब्रुवारी २०१६मध्ये असं उघडकीला आलं, की काही आयफोनची तारीख हातानं १ जानेवारी १९७० करून ते बंद केले तर पुन्हा उठतच नाहीत. पुढं आयओएस ९.३मध्ये ते दुरुस्त झालं. फोनला आपल्या जन्मवेळेकडे पाठवलं तर तो परत येत नाही, हे वाचून कितीतरी वेळ मी दुसरं काही वाचू शकलो नव्हतो.

इंटरनेटवरून वेळ जुळवायची जी जुनी पद्धत आहे, एनटीपी, तिच्या मूळ प्रोग्रामचा एक नियम आहे. घड्याळ थोडं चुकलं असेल तर तो ते गुपचूप सरळ करतो. चूक १,००० सेकंदांहून मोठी असेल तर दुरुस्त करत नाही, स्वतःच थांबतो. इतकी मोठी चूक म्हणजे आपलीच काहीतरी गफलत, असं तो धरून चालतो. मला हे फार आवडलं, आणि लगेच मुंबई आठवली. १ जानेवारी १९०६पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईत स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ पुढे १९५५पर्यंत टिकून होती, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. म्हणजे २,३४० सेकंद. त्या प्रोग्रामनं अख्खी मुंबई बघितली असती आणि हात टेकले असते. पण मुंबईचं घड्याळ बिघडलेलं कुठं होतं? ते मुंबईच्या सूर्याशी जुळलेलं होतं. रोग मुंबईला होता की प्रमाणवेळेला, हे पुन्हा कुठं उभे राहून बघता त्यावर.

असो. आत्याकडे नवा सेल बसला, तारीख लावली, बँक उघडली. पण तिची एक जुनी सवय आहे. रात्री झोपण्यापूर्वी भिंतीवरची सगळी बटणं बंद. भिंतीचं बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही आतल्या घड्याळाला विजेचा घोट मिळतो आणि सेलला काम पडत नाही. बटण बंद, की सगळा भार त्या सेलवर. हे ऐकल्यावर तिनं त्याच दिवसापासून कॉम्प्युटरचं बटण चालू ठेवायला सुरुवात केली. म्हणजे आता घड्याळ बरोबर चालतंय ते नव्या सेलमुळे, की बटणामुळे? घड्याळजींनी जुना सेल न मोजताच डब्यात टाकलेला. मदरबोर्डच वीज खात असेल तर नवा सेलही जाईल, पण बटण चालू असेपर्यंत ते दिसणारच नाही. छडा लावायचा तर काही रात्री बटण बंद ठेवून बघायला हवं. आत्या म्हणाली, “चाललंय ना? मग तुला कशाला हवाय छडा?”

मला उत्तर सुचलं नाही. पखालवाल्यालाही बहुधा छडा नको होता, पाणी पोचवायचं होतं. पण छडा न लावता मिळालेलं यश पुढच्या वेळी कामाला येतं का, याचीही मला खात्री नाही. नंतर तिच्याच फोनवर वीज बिल भरायचं ॲप उघडेना, तेव्हा मी जाणत्यासारखं सगळ्यात आधी तारीख पाहिली. तारीख बरोबर होती. वेळही. मग मी सिम काढून पुसलं.