पानी चुकीचे नव्हते

पंचवीस वर्षे मी कारकून म्हणून नोकरी करते आहे. बी.कॉम. असल्यामुळे बिलांचे टेबल माझ्या वाट्याला येणे साहजिकच होते. मध्यंतरी काही वर्षे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची बिले माझ्या हातून गेली. प्रशिक्षण म्हणजे माझ्या लेखी काय? हजेरीपत्रक, चहा-नाश्त्याची पावती, मंडपवाल्याचे व्हाऊचर आणि व्याख्यात्याचे मानधन. दोन्ही दिवसांच्या सह्या पहिल्याच दिवशी सकाळी घेतलेल्या असत. पेन एक, शाई एक. कारकुनाच्या नजरेतून हे सुटत नाही. मी बेरीज तपासायची, बिल मंजुरीला ठेवायची. प्रशिक्षण संपन्न!

संध्याकाळी मी आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांचा वर्ग घेत असे, आजही घेते. आपण शिकलो, आता आपल्या मुलांना शिकवावे, एवढीच भावना. शिकवायचे कसे, हे मला कुणी शिकवले नव्हते आणि ते शिकावे लागते हेही मला ठाऊक नव्हते. अ ते ज्ञ, मग बाराखडी, मग जोडाक्षरे. मला जसे शिकवले तसेच मी शिकवत होते. भिंतीवर तोच जुना तक्ता. त्यावर भ भटजीचा होता आणि य यज्ञाचा. आपल्या विहाराच्या भिंतीवर हा तक्ता आपण का टांगला आहे, असे आम्हा कार्यकर्त्यांपैकी कुणाला विचारावेसे वाटले नाही!

२००३ साली माझ्या वर्गात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण हा अंक त्याच्या घरी जातो. धड्यात 'पाणी' हा शब्द आला की तो 'पानी' वाचायचा. मी म्हणायची, "पानी नाही रे, पाणी म्हण." तो पुन्हा पानीच म्हणायचा आणि मुले हसायची. त्याच्या घरी सगळे पानीच म्हणत. खरे सांगायचे तर माझ्या माहेरीही पानीच म्हणत. हा 'ण' मी कॉलेजात गेल्यावर जिभेवर बसवला होता. हळूहळू तो पुस्तकाकडे पाहायचे सोडून माझ्या तोंडाकडे पाहू लागला. पुढे वाचायलाच उठेना. शेवटी मीच त्याच्या आईला सांगितले, "अक्का, याच्या डोक्यात अक्षर बसत नाही." ती म्हणाली, "तुमी शिकल्या-सवरल्या बाई. तुमी म्हनता तर खरंच आसंल." पुढच्या हंगामात ती त्याला वीटभट्टीवर घेऊन गेली.

२०१७ साली आमच्या बालवाडीच्या ताईंना एका शिबिराचे बोलावणे आले. एकटीने जायला त्या बिचकत होत्या, म्हणून मी रजा टाकून सोबत गेले. शिबिर घेणाऱ्या बाईंनी भाषण केलेच नाही. आम्हा सर्वांच्या हाती कन्नड लिपीतला एक उतारा दिला आणि म्हणाल्या, "वाचा." आम्ही गप्प. बाई आवाज चढवून म्हणाल्या, "लक्ष कुठे आहे तुमचे? काल सांगितले होते ना?" खोटा राग होता, पण माझे कान गरम झाले. मला तो मुलगा आठवला.

मग त्यांनी फळ्यावर चारच अक्षरे लिहिली: म, क, ल, र. त्यांना फक्त काना आणि दुसरी वेलांटी जोडली. तेवढ्यात काका, मामी, मका, काम, कमी असे कितीतरी शब्द निघाले. 'मामी, मला मका' हे वाक्यसुद्धा झाले! म्हणजे मूल पहिल्या काही आठवड्यांतच अर्थाचे काही वाचू शकते. ज्ञपर्यंत वर्षभर वाट पाहावी लागत नाही. पहिली वेलांटी त्या नंतर घेतात, कारण ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

दुपारी मी धीर करून पानी-पाणीचे विचारले. बाई म्हणाल्या, "पाणी हा शब्द पाहून मूल पानी म्हणाले तर त्याने बरोबर वाचले. शब्द त्याला कळला, तो त्याने आपल्या बोलीत म्हटला. लिहिताना ण त्याच्या डोळ्याला हळूहळू सवयीचा होईल. शेजारच्या चित्राकडे पाहून जो 'नळ' म्हणतो, त्याच्याकडे लक्ष द्या." त्यानंतर त्या काय बोलल्या ते मी ऐकलेच नाही.

परत आल्यावर तीन आठवड्यांत आम्ही दोघी पुन्हा बाराखडीच्या घोकंपट्टीवर आलो. सवयच तशी. पण महिन्याने त्या बाई वस्तीत आल्या, मागे सतरंजीवर बसल्या, तासभर पाहिले आणि दोनच गोष्टी सांगितल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या. आम्ही सुधारलो ते या येण्यामुळे. माझ्या टेबलावरच्या बिलांत या येण्याला रकानाच नव्हता. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला असे ज्ञान खाली उतरते आणि दर पायरीला पातळ होते. २०२१ साली निपुण भारत आले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याचे ध्येय चांगलेच आहे. पण ऑनलाइन प्रशिक्षणाचा व्हिडिओ लावून ठेवून भाजी निवडणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना दोषही देववत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पगार नीट असावा आणि वेळ आली तर त्याने नांगराला हात लावावा, असे मांडले होते. सावित्रीबाईंनी स्वतः शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले होते. फलटणच्या मंगळवार पेठेतल्या दलित मुलांसाठी काम करताना मॅक्सीन बर्नसन यांनी वाचन शिकवण्याच्या पद्धतीचा आयुष्यभर विचार केला. १९८६ साली तिथे कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. आम्ही मात्र जयंतीच्या मंडपाचा हिशेब चोख ठेवला आणि बालवाडीच्या ताईंना तालुक्याचे एसटी भाडे द्यायचे विसरलो. यंदापासून ते वर्गणीतून देतो. ठराव मीच लिहिला.

त्या मुलाची मुलगी आता माझ्या वर्गात आहे. तो मोंढ्यात हमाली करतो, संध्याकाळी तिला न्यायला येतो आणि दाराबाहेरच उभा राहतो. गेल्या महिन्यात मी त्याला आत बोलावले आणि सांगितले, "तुझे पानी चुकीचे नव्हते. मला शिकवता येत नव्हते." तो हसला. "जाऊ द्या बाई, लई दिस झाले," म्हणाला. मुलगी म्हणाली, "अप्पा, थांबा, माझं पान राहिलंय." तो चप्पल काढून सतरंजीच्या टोकाला बसला. ती बोट ठेवून वाचत होती आणि तो तिच्या बोटाकडे पाहत होता.